बनशंकरीतलं बंदर

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर किन्सेल नावाचं एक जुनं बंदर आहे, आणि आजच्या घडीला त्या बंदरावर कोणी डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवत असेल, तर तो बंगळुरात, बनशंकरी वस्तीच्या दुसऱ्या स्टेजमध्ये राहणारे आमचे घरमालक अण्णा ठेवतात, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. गेल्या चारशे वर्षांत त्या बंदरात कोणाची गलबतं शिरली, कोणी कोणावर तोफा डागल्या, परदेशी वाइनची पिंपं कुठं उतरली आणि लढाईच्या दिवसांत शत्रू आत येऊ नये म्हणून बंदराच्या तोंडाशी अडसर कुठून कुठवर ताणत, हे खुद्द तिथल्या एखाद्या रहिवाशाला विचारलं तर तो डोकं खाजवील. अण्णा खाजवणार नाहीत. अण्णांनी ते गाव पाहिलेलं नाही, ही गोष्ट अलाहिदा. समुद्रच मुळात त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिला. एकदा कारवारला कोणाच्या तरी मुंजीला गेले असताना आणि एकदा कारखान्याच्या सहलीबरोबर गोव्याला. दोन्ही वेळा, अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, सांगण्यानुसार, ते पाच मिनिटं किनाऱ्यावर उभे राहिले आणि "मापात नाही," एवढं बोलून परत फिरले.

माप हा अण्णांचा धर्म. मूळचे बेळगावकडचे, वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच बंगळुरात आले आणि शिकून एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्याला चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. तयार झालेला एकेक भाग मोजायचा आणि त्याला टॅग बांधायचा. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास आणि पिवळा म्हणजे दुरुस्तीला परत. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं शाल आणि नारळ दिला. उरलेल्या टॅगांचे गठ्ठे अण्णांनी मागून घेतले. तेव्हापासून आमच्या गल्लीत तपासणीवाचून काही राहिलेलं नाही. कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलातल्या कॉफीला त्यांनी हिरवा टॅग दिला, तो मालकानं देवाच्या तसबिरीशेजारी टांगून ठेवलाय. समोरच्या घराच्या नव्या फाटकाला लाल टॅग मिळाला, तेव्हापासून तिकडचे लोक यांच्याशी बोलत नाहीत, आणि फाटक अजून करकरतं. आम्ही नवराबायको वरचा मजला भाड्यानं बघायला आलो तेव्हा अण्णांनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहत "कुठले?" एवढंच विचारलं. "पुण्याचे," मी जरा ऐटीतच म्हणालो. अण्णांनी खिशातून पिवळा टॅग काढला. "सरी, ठीक. स्वल्प दुरुस्ती लागणार. पण राहा की हो!" तो पिवळा टॅग आमच्या दाराच्या कडीला दीड वर्ष लटकत होता. येणारे जाणारे पाव्हणे घरात विजेचा काही बिघाड आहे का, म्हणून विचारायचे.

बंगळुरात राहणाऱ्या माणसाला आठवड्याचे सात वार नसतात. दोनच असतात, पाणी येण्याचा आणि पाणी न येण्याचा. पाणी येण्याच्या वारी अण्णा पहाटेच प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन अंगणातल्या संपापाशी बसायचे. संप म्हणजे आमची जमिनीखालची टाकी. तिचं झाकण उघडून, त्यात खुणा केलेली काठी बुडवून ते कावेरीची पाहणी करायचे. पाणी येण्याआधी पाइपात एक उसासा येतो, तो ऐकू यावा म्हणून तेवढा वेळ अक्कांना मिक्सर लावायची बंदी असे. या पाण्यापायी अण्णा कधी कुठं मुक्कामाला जात नसत. हुबळीला सख्ख्या पुतण्याचं लग्न होतं, तरी अक्का एकट्या गेल्या. "सगळी गेलो तर पाणी कोण भरणार?" हे अण्णांचं ठरलेलं उत्तर. मी दहादा म्हणालो, "अण्णा, मी भरतो की." त्यावर ते माझ्या दाराच्या कडीकडं नुसतं बघायचे.

अशा माणसाच्या आयुष्यात आयर्लंड शिरलं ते त्यांच्या एकुलत्या एका लेकीमुळं. वैजू लग्नानंतर नवऱ्याबरोबर तिकडं गेली, त्याला आता आठ वर्षं झाली. बापलेकीचं फोनवरचं बोलणं म्हणजे "बरी आहेस?" आणि "बरी आहे." तिसरं वाक्य कोणालाच सुचत नसे, मग फोन अक्कांकडं जायचा. एका रविवारी वैजू सहज म्हणाली, की इथं घराजवळ एक जुना किल्ला आहे. अक्कांनी तिथं कोथिंबीर मिळते का ते विचारलं. अण्णांनी फोन परत मागून घेतला आणि विचारलं, "बुरूज किती?" वैजूला ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी तिनं तिथं जाऊन, मोजून सांगितलं, "पाच." अण्णांना तिसरं वाक्य सापडलं. भिंतींची जाडी किती, तोफांची तोंडं कुठं, दारूगोळा कुठं ठेवायचे. दर रविवारी एक प्रश्न, आणि त्या उत्तरासाठी लेकीची आठवडाभर पायपीट. पुढं अण्णा स्वतःच पुस्तकं मागवून, नकाशे छापून घेऊन अभ्यासाला लागले. डाव्या मनगटावर आपलं घड्याळ आणि उजव्या मनगटावर तिथलं, अशी दोन घड्याळं ते बांधतात, आणि सकाळी फिरायला जाताना मी स्वेटर घातला नाही तर म्हणतात, "तिकडं आज पाऊस हाय." म्हणजे मी छत्री घ्यावी की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या गावातल्या लढाईची हकिकत मी जिन्यात उभा राहून इतक्यांदा ऐकलीय, की त्या लढाईत मी हजर होतो असं मला अधूनमधून वाटतं. "बघा," अण्णा सुरू करतात, "आयर्लंडचे सरदार सगळे उत्तरेला, इंग्रजाबरोबर लढालेत. स्पेनच्या राजानं त्यांना मदत पाठवली. गलबतं भरून सैन्य! ते उतरलं कुठं? दक्षिणेच्या टोकाला, किन्सेलला. म्हणजे पाव्हण्याला बोलावलं बनशंकरीला आणि पाव्हणा उतरला पार दुसऱ्या टोकाला, येलहंकाला. आता आणायला कोण जाणार?" मग ते सरदार ऐन हिवाळ्यात, गोठलेले डोंगर तुडवत, सगळा देश ओलांडून खाली येतात, तेव्हा अण्णा स्वतःच्या पायांना मोजे आहेत ना ते बघून घेतात. गावात स्पॅनिश, गावाभोवती इंग्रजांचा वेढा आणि वेढ्याबाहेर आयरिश, असं सगळं जिन्याच्या पायऱ्यांवर मांडून होईतो माझी ऑफिसची बस गेलेली असते. लढाई मात्र काही तासांतच संपते. आयरिश हरतात. स्पॅनिश आतच राहिलेले असतात. इथं अण्णांचा आवाज दर वेळी चढतो. "बाहेर आपली माणसं मरालेत आणि हे आत बसलेत की हो! वेळेवर बाहेर पडले नाहीत. कसलं बसणं म्हणायचं हे?" पुढं इंग्रजांनी बंदर राखायला तो पाच बुरुजांचा, चांदणीच्या आकाराचा भक्कम किल्ला बांधला. समुद्रावरून चिटपाखरू आत येणार नाही असा बंदोबस्त केला, आणि शत्रू आला तो मागच्या उंच जमिनीवरून. "ह्याचं ड्रॉइंग पास कुणी केलं?" अण्णा मला विचारतात, जणू मीच सही केली होती.

दिवाळीत मातीचा किल्ला करण्याची हौस अण्णांनी बेळगावहून येताना जी बरोबर आणली, ती सत्तरी आली तरी सुटलेली नाही. पूर्वी ते वैजूसाठी दर वर्षी वेगळा गड करायचे. ती गेल्यावर दोन वर्षं खंड पडला, आणि मग गच्चीवर किन्सेल उभं राहिलं. पाच बुरूज, समोरच्या काठावरचा दुसरा जुना किल्ला, मध्ये ताडपत्री अंथरून केलेलं बंदर, काठाला रंगीबेरंगी घरं, उतारावर पेरलेली नाचणी आणि पाण्यात थर्माकोलची स्पॅनिश गलबतं. सगळ्यांत उंच बुरुजावर मात्र सिंहासनावर महाराज आणि तटावर मावळे. हे जरा विसंगत नाही का, असं मी एकदा विचारून बघितलं. "किल्ला करायचा आणि वर महाराज नाहीत? असं कुठं असतंय होय?" अण्णा म्हणाले. "आणि एक सांगू? महाराज असते तर मागची टेकडी आधी ताब्यात घेतले असते." रोज फुलं घेऊन येणाऱ्या बाईला हे कुठलं तरी जागृत देवस्थान वाटलं. ती दिवाळीभर मोगऱ्याच्या माळेचा एक तुकडा बंदराच्या तोंडाशी, बरोबर जिथं अडसर ताणायचे तिथं, ठेवून हात जोडून जायची. अण्णांनी तिला अडवलं नाही. पहाऱ्याला माणूस वाढला तर वाढला.

गेल्या वर्षी मात्र दसऱ्यापासूनच अण्णा गच्चीवर दिसू लागले, कारण दिवाळीला वैजू येणार होती. बरोबर तिची सहा वर्षांची लेक, मुक्ता. ती या घरात आली होती ती वर्षाची असताना. त्यानंतर काही ना काही निघून येणं राहिलं होतं. अण्णा माती चाळत होते, मी पाट्या उचलत होतो. "तिला आठवत काही नाही," अण्णा चाळणीकडं बघतच म्हणाले. "फोनवर दिसतो तेवढाच आजोबा. परक्याच्या घरात आल्यागत दारात उभी राहिली तर काय करू हो? काहीतरी ओळखीचं दिसायला पाहिजे की पोरीला." मग माझ्या लक्षात आलं, की हा किल्ला दर वर्षी कोणासाठी उभा राहत होता. इतक्या वर्षांचा अभ्यास, ते नकाशे, ती दोन घड्याळं, सगळं एका लहान मुलीनं आपल्या घरात बिचकू नये यासाठी होतं, आणि मी मात्र इतके दिवस त्याची बायकोपाशी नक्कल करून दाखवत होतो.

त्याच संध्याकाळी अक्का कॉफी घेऊन वर आल्या. बुरुजावर बसवायला पांढऱ्या कापडाची एक बाहुली अण्णांनी केली होती, तिच्याबद्दल मी विचारलं. अण्णा म्हणाले, किल्ल्याच्या कमांडरच्या मुलीची तिथं एक दंतकथा सांगतात. लग्नाच्या दिवशीच ती नवऱ्याबरोबर तटावर फिरत होती. खाली खडकात फुलं दिसली, ती तिला हवी झाली. पहारेकरी म्हणाला, मी आणतो, तोवर माझ्या जागी कोणीतरी उभं राहा. नवरा त्याचा कोट घालून उभा राहिला आणि दमलेला होता म्हणून झोपला. कमांडर गस्तीला आला, हाक मारली, उत्तर नाही. पहाऱ्यावर झोपणाऱ्याला गोळी, हा नियम. त्यानं नियम पाळला. मुलीनं तटावरून उडी टाकली. "अगं बाई! वाकून तोंड तरी बघायचं की मेल्यानं," अक्का म्हणाल्या. "नियम म्हणे! पहाऱ्यापायी लेक गेली की त्याची." आणि मग कपबशी खाली ठेवत, माझ्याकडं बघून पण अण्णांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "वैजू गेली त्या दिवशी हे विमानतळावर आले नाहीत, माहीत आहे तुम्हाला? बॅगा तोलल्या, प्रत्येक बॅगेला हिरवा टॅग बांधला आणि फाटकातनं परत फिरले. पाणी यायचा वार होता." अण्णा माती चाळत राहिले. अक्का खाली गेल्यावर त्यांनी हातातली माती झटकली. "पोरगी टॅक्सीतनं मागं वळून बघालती. मी संपाचं झाकण उघडालतो," ते म्हणाले. "त्या दिवशी मी नापास झालो हो."

दिवाळी चार दिवसांवर आली आणि वैजूचा फोन आला, की नवऱ्याच्या ऑफिसात ऐन वेळी काही निघालंय, रजा नामंजूर झाली, तिकिटं पुढं ढकलली. अक्का रडल्या. अण्णा "सरी, सरी," एवढंच म्हणाले आणि वर जाऊन एका गलबताचं शीड सरळ करत बसले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी माझा फोन घेऊन गच्चीवर गेलो आणि मुक्ताला किल्ला दाखवला. अण्णा बाजूला, नवा शर्ट घालून, परीक्षेला बसल्यासारखे उभे. मुक्तानं बुरूज मोजले, बरोबर निघाले. स्वतःच्या घरासारखं पिवळं घर दिसल्यावर ती ओरडली. मग तिनं फोनमधून डोळे बारीक करून पाण्याकडं पाहिलं. "आजोबा, तुमचा समुद्र स्टक झालाय."

"म्हंजे?" अण्णा म्हणाले.

"हा सारखा इथेच आहे. आमचा जातो. बोटी मडमध्ये बसतात. मग परत येतो."

अण्णांनी कपाळावर हात मारला. तोफांचे गोळे मोजणाऱ्या या माणसानं भरती-ओहोटीचा विचारच केला नव्हता! करणार कसा? पाणी म्हणजे जे एकदा आलं की संपात कोंडून ठेवायचं, जाऊ द्यायचं नाही, हा बंगळुरात मुरलेल्या माणसाचा पिंडच. अण्णांनी खिशातून लाल टॅग काढला आणि सगळ्या गल्लीला दिला होता तसा स्वतःच्या किल्ल्याला बांधला. "नापास," ते फोनमध्ये म्हणाले. मुक्ता खुदकन हसली. ती त्यांच्याकडं बघून हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर कारखाना सुरू झाला. एक जुनं पिंप, दोन तोट्या, सलाइनची नळी. तिथल्या भरतीची वेळापत्रकं अण्णांनी मिळवली, साडेपाच तासांचा फरक धरून वहीत उतरवली आणि पाणी त्या हिशेबानं चढू-उतरू लागलं. तिथं दिवसातून दोनदा पाणी येतं या गोष्टीनं ते इतके भारावले होते, की भाजीवाल्यापासून गल्लीत पाणी सोडणाऱ्या वॉल्व्हमनपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले. "दोनदा! रोज! टँकर न बोलावता!" मध्यरात्रीच्या भरतीला मात्र, "रात्रपाळी बंद आहे," म्हणून त्यांनी रजा दिली. अक्कांनी पहिल्या दिवशी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "प्यायच्या पाण्याची मारामार आणि तुम्ही कावेरी आयर्लंडला सोडालाय होय?" अण्णांनी शांतपणे दाखवलं, की समुद्र आरओच्या फिल्टरमधून वाया जाणाऱ्या पाण्याचा आहे, आणि ओहोटी अक्कांच्या कढीपत्त्याच्या कुंडीत जाते. त्या दिवसापासून आमच्याकडं आमटीला फोडणी पडली, की अक्का म्हणतात, "घ्या, ओहोटीचा कढीपत्ता."

रविवारच्या फोनचे मग रोजचे फोन झाले. शाळेतून आल्यावर मुक्ता खिडकीपाशी बसून सांगायची, "आजोबा, चाललं!" की अण्णा ओहोटीची तोटी उघडायचे. गलबतं हळूहळू कलती व्हायची आणि चिखलात बसायची. ती तिकडून बघायची, हे इकडून. कधी कधी नळीतून थेंब पडल्याचा तेवढा आवाज यायचा. आमच्याकडं तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडतात. अण्णांनी मोडला नाही. नाचणी वाळली, एक बुरूज खचला, महाराजांना मी घरात नेऊन ठेवलं, पण लाल टॅग तसाच होता. "अण्णा, आता तरी हिरवा बांधा, पाणी चोख चाललंय," मी म्हणालो. "तपासणारी आल्याशिवाय कसा बांधणार?" ते म्हणाले. "बघणारीनं येऊन बघायला पाहिजे की."

आणि डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीला, त्या खरंच आल्या. सकाळचं विमान होतं आणि नेमका पाणी यायचा वार. अण्णा सहालाच तयार होऊन, दोन्ही घड्याळं बांधून अंगणात उभे. पाइपानं उसासा टाकला. मी बघत होतो. अण्णांनी संपाकडं बघितलं, हातातली खुणांची काठी माझ्या हातात दिली आणि विमानतळावर जायला फाटकाबाहेर पडले. मला काठी मिळाली याचा आनंद मी बायकोला उठवून सांगितला. तिला त्याचं महत्त्व कळलं नाही.

मुक्ता वाटभर आईच्या कुशीत झोपून आली आणि दारात उभी राहिली ती आईच्या कोटाला धरून. अक्कांनी ओवाळलं, तरी तिनं मान वर केली नाही. लाडू घेतला नाही, अण्णांनी हात पुढं केला तेव्हा आणखी मागं सरली. आठ हजार किलोमीटर लांबून फोनवर हसणारी मुलगी समोर आल्यावर अनोळखी झाली होती. अण्णांना ज्याची भीती होती, नेमकं तेच. ते खुर्चीत बसले आणि उगाच घड्याळाला किल्ली देऊ लागले. वैजू तिला रागावणार तेवढ्यात मी म्हणालो, "चला, गच्ची बघू या." सगळे वर गेलो. ओहोटी होती. खचलेला बुरूज, वाळलेलं गवत, चिखलात कललेली गलबतं. मुक्ता आईचा कोट सोडून पुढं झाली. तिनं अण्णांचं उजवं मनगट पकडून आपल्याकडं वळवलं, तिथलं घड्याळ बघितलं, काहीतरी पुटपुटली आणि कोणालाही न विचारता पिंपाकडं गेली. दोन तोट्यांपैकी भरतीची कुठली, हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं तोटी उघडली. मग वळून म्हणाली, "आजोबा, या ना, बसा." अण्णा तिच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून ते सत्यनारायणालासुद्धा जमिनीवर बसत नाहीत.

तीन आठवडे घर भरलेलं होतं. लाल टॅग निघून हिरवा बांधला गेला, तो मुक्तानं, वाकड्या गाठीचा. जायचा दिवसही पाण्याचाच निघाला. त्याला इलाज नव्हता. अण्णांनी बॅगा तोलल्या, प्रत्येकीला हिरवा टॅग बांधला आणि या वेळी ते टॅक्सीत बसले. सामान जास्त होतं म्हणून मागच्या गाडीतून मीही गेलो. संपाची काठी माझ्या बायकोकडं दिली होती, आणि अण्णांनी ती देताना एकही सूचना केली नाही. विमानतळाच्या दारापाशी अक्का रडत होत्या, मुक्ता "आजोबा, साडेतीनला," असं काहीतरी बजावत होती आणि अण्णा नेहमीप्रमाणे चाकांच्या गाडीवरच्या बॅगा पुन्हा मोजत होते. वैजूनं एका बॅगेचा हिरवा टॅग सोडला. वडिलांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणात तो ओवला, गाठ मारली आणि त्यांच्या छातीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग त्या आत गेल्या, आणि काचेपलीकडून वैजूनं मागं वळून बघितलं. अण्णा तिथंच उभे होते. हात वर करून उभे होते.

घरी आल्यावर बायकोनं सांगितलं, की संप भरला, वॉल्व्ह बंद केला. अण्णांनी मान हलवली. काठी बुडवून बघितली नाही. रात्रीची जेवणं झाली. थोड्या वेळानं मी वर गेलो, तर अण्णा किल्ल्यापाशी जमिनीवरच बसलेले. बंदर कोरडं पडलं होतं, गलबतं कललेली. मुक्ताची एक लहानशी रबराची चप्पल तिथंच राहून गेली होती, ती त्यांनी काठावर नीट ठेवली होती. बटणातला हिरवा टॅग तसाच होता. मी तोटीकडं हात नेला.

"नको, नको," अण्णा म्हणाले. "अजून वेळ आहे. तिकडच्या साडेतीनला येतं."

मी त्यांच्याशेजारी बसलो. त्यांनी उजवं मनगट दोघांनाही दिसेल असं गुडघ्यावर ठेवलं, आणि आम्ही पाणी यायची वाट बघत राहिलो.